फिलिपीन्समधील श्रमिक-स्थलांतर व आंतरराष्ट्रीय सहकार्य

परदेशी रोजगारासाठी नागरिकांना पाठविणे हे ज्या देशांनी उघडपणे शासकीय धोरण म्हणून स्वीकारले, त्यांत आग्नेय आशियातील फिलिपीन्स प्रजासत्ताकाचा क्रम वरचा लागतो. स्थलांतर व विकास यांच्या परस्परसंबंधांविषयी १९९० नंतर जे आंतरराष्ट्रीय करार, परिषदा व घोषणा झाल्या, त्यांपैकी बहुतेकांत या देशाचा सहभाग आहे आणि काहींची घडण त्याच्या पुढाकाराने झालेली आहे. २०१३ च्या शासकीय अंदाजानुसार सु. १ कोटी २ लाख फिलिपिनो परदेशांत होते. त्यांपैकी सु. ४९ लाख कायमचे स्थायिक झालेले, सु. ४२ लाख मुदतीच्या करारावर काम करणारे आणि उरलेले सु. साडेअकरा लाख पुरेशा कागदपत्रांविना राहणारे होते.

कामगार पाठविणाऱ्या देशाचा कायदा त्या देशाच्या सीमेपाशी संपतो. कामगाराचे वेतन, निवास, पारपत्र आणि प्रसंगी त्याचे जीवित मात्र दुसऱ्या राज्याच्या अधिकारक्षेत्रात असते. स्वदेशी कायदा कितीही कडक केला, तरी तो परदेशातील मालकाला लागू होत नाही. या अडचणीतूनच फिलिपीन्स आंतरराष्ट्रीय सहकार्याकडे वळला. त्याच्या प्रयत्नांना सर्व क्षेत्रांत सारखे यश आलेले नाही. ज्या कामात फिलिपिनो माणसाला सहज पर्याय मिळत नाही, उदा., जहाजावरील नोकरी, तेथे आंतरराष्ट्रीय नियमांचा प्रत्यक्ष उपयोग झाला. जेथे पर्याय सहज मिळतो, उदा., खाजगी घरातील चाकरी, तेथे तो फार थोडा झाला. या धोरणाच्या इतिहासातील बऱ्याच घटनांचा उलगडा या एका भेदाने होतो.

पूर्वेतिहास : फिलिपीन्स अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ताब्यात असताना डिसेंबर १९०६ मध्ये १५ फिलिपिनो मजुरांची पहिली तुकडी हवाई बेटांवरील उसाच्या मळ्यांत पोहोचली. पुढील चार दशकांत तेथे गेलेल्या मजुरांची संख्या लाखावर भरते. हे मजूर अमेरिकेच्या अंकित प्रदेशातील प्रजाजन असल्यामुळे त्यांच्या प्रवेशावर परकीयांप्रमाणे बंधन नव्हते. १९३४ च्या टायडिंग्ज–मकडफी कायद्याने फिलिपीन्सला दहा वर्षांनंतर स्वातंत्र्य देण्याचे ठरले, त्याच वेळी फिलिपिनोंच्या अमेरिकाप्रवेशावर वर्षाला ५० व्यक्तींची मर्यादा घालण्यात आली. स्वातंत्र्याचे आश्वासन आणि प्रवेशबंदी ही दोन्ही एकाच कायद्यात यावीत, हे लक्षणीय आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ च्या विनिमय योजनेखाली परिचारिका प्रशिक्षणासाठी अमेरिकेत जाऊ लागल्या. १९६५ च्या अमेरिकी कायद्याने राष्ट्रवार कोटे रद्द झाले आणि डॉक्टर, परिचारिका व अन्य शिक्षितांचा ओघ वाढला. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असल्यामुळे आणि परिचर्येचे शिक्षण अमेरिकी धर्तीवर दिले जात असल्यामुळे हा वर्ग तेथे सहज सामावला गेला.

शासकीय धोरण : आजच्या व्यवस्थेचा प्रारंभ फेर्दिनांद मार्कोस यांच्या लष्करी कायद्याच्या राजवटीत झाला. १ मे १९७४ रोजी जारी झालेल्या श्रमसंहितेने परदेशी रोजगाराचे नियमन राज्याकडे घेतले. देशात बेकारी वाढत होती, १९७३ च्या तेल-दरवाढीमुळे व्यवहारशेषावर ताण पडला होता, तर त्याच दरवाढीने श्रीमंत झालेल्या पश्चिम आशियाई देशांत रस्ते, बंदरे व इमारती बांधण्यासाठी मनुष्यबळ हवे होते. १९७५ मध्ये खलाशी धरून सु. ३६ हजार कामगार बाहेर गेले. खाजगी भरती-संस्था क्रमाक्रमाने बंद करून सर्व भरती शासनामार्फत करावी, असा मूळ संहितेचा हेतू होता. मागणीचा वेग शासकीय यंत्रणेला झेपेना, तेव्हा १९७८ मध्ये खाजगी संस्थांना पुन्हा मुभा देण्यात आली. भरती-दलालांनी उकळलेल्या रकमा आणि बनावट सेवाकरार यांच्या पुढील काळातील तक्रारींचे मूळ बऱ्याच अंशी या माघारीत आहे. १९७७ मध्ये परदेशस्थ कामगारांसाठी कल्याणनिधी उभारण्यात आला. सेवाकरारामागे २५ डॉलर वर्गणी गोळा करून त्यातून विमा, प्रशिक्षण, कर्जे आणि अडचणीत सापडलेल्यांना परत आणण्याचा खर्च भागविला जातो. १९८२ मध्ये फिलिपीन्स परदेशी रोजगार प्रशासन स्थापन झाले. भरती-संस्थांना परवाने देणे, नमुना सेवाकरार ठरविणे आणि प्रत्येक कामगाराचा करार तपासून त्याला बाहेर जाण्याची परवानगी देणे, ही त्याची कामे होती. अन्य आशियाई देशांनी पुढे या यंत्रणेचा अभ्यास केला व तिचे काही अंश उचलले.

याच वर्षी निघालेला एक आदेश मात्र वादग्रस्त ठरला. कार्यकारी आदेश क्रमांक ८५७ अन्वये खलाशांनी वेतनाच्या ८० टक्के आणि इतरांनी ५० ते ७० टक्के रक्कम बँकांमार्फत मायदेशी धाडणे सक्तीचे करण्यात आले. तसे न करणाऱ्याच्या पारपत्राचे नूतनीकरण न करण्याची तरतूद होती. परकीय चलनाच्या टंचाईवरचा हा उपाय होता, परंतु त्यामुळे कामगार हा राज्याच्या दृष्टीने प्रथम डॉलर मिळविणारा आणि नंतर नागरिक, अशी भावना पसरली. हाँगकाँगमधील फिलिपिनो घरकामगार स्त्रियांनी या आदेशाविरुद्ध संघटना बांधली आणि १९८५ मध्ये शिक्षेच्या तरतुदी मागे घ्याव्या लागल्या. परदेशात काम करणाऱ्यांनी मायदेशाच्या सरकारविरुद्ध चळवळ करून यश मिळविल्याचे हे उदाहरण पुढील काळातही प्रेरक ठरले. सक्ती गेली, तरी रकमांचा ओघ आटला नाही, उलट वाढतच गेला. कामगार पैसे धाडतो ते कुटुंबासाठी, ही साधी गोष्ट आदेश काढणाऱ्यांच्या लक्षात आली नव्हती. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्षा कोरासोन आकिनो यांनी परदेशस्थ कामगारांचा ‘नवे वीर’ असा गौरव केला. त्याच वर्षी घरकामासाठी स्त्रियांना पाठविण्यावर त्यांच्या शासनाने बंदी घातली होती. पण एकेका देशाशी बोलणी होताच ती शिथिल होत गेली.

१९९५ चे वळण : फ्लोर कॉन्तेम्प्लासियोन या फिलिपिनो घरकामगार स्त्रीला सिंगापूर येथे दोन खुनांच्या आरोपावरून १७ मार्च १९९५ रोजी फाशी देण्यात आले. ती निर्दोष असल्याचा समज फिलिपीन्समध्ये सर्वत्र पसरला होता आणि आपल्या वकिलातीने तिच्यासाठी वेळीच काही केले नाही, असा जनतेचा आक्षेप होता. मोठा लोकक्षोभ उसळला. उभय देशांनी आपले राजदूत परत बोलाविले, परराष्ट्रमंत्री रोबेर्तो रोमुलो यांनी राजीनामा दिला आणि अवघ्या तीन महिन्यांत, जून १९९५ मध्ये, स्थलांतरित कामगार व परदेशस्थ फिलिपिनो कायदा (प्रजासत्ताक कायदा क्रमांक ८०४२) संमत झाला. आर्थिक वाढीचे साधन म्हणून राज्य परदेशी रोजगाराचा पुरस्कार करीत नाही, असे या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. प्रत्यक्षात दरवर्षी बाहेर जाणाऱ्यांची संख्या त्यानंतरही वाढत राहिली आणि २०१६ पर्यंत ती २१ लाखांवर गेली. शब्द आणि व्यवहार यांतील हे अंतर फिलिपीन्समधील टीकाकारांनी वारंवार दाखवून दिले आहे.

कायद्याच्या चौथ्या कलमात एक वेगळीच कल्पना आहे. ज्या देशात स्थलांतरितांचे हक्क सुरक्षित आहेत, त्याच देशात कामगार पाठवावेत आणि ते सुरक्षित आहेत की नाहीत हे त्या देशाचे कायदे, त्याने मान्य केलेले बहुपक्षीय करार व फिलिपीन्सशी केलेले द्विपक्षीय करार यांवरून ठरवावे, असे हे कलम सांगते. म्हणजे आंतरराष्ट्रीय करारांना येथे स्वदेशी कायद्यात रोजगाराच्या परवान्याची कसोटी बनविले आहे. २०१० च्या दुरुस्तीने ही कसोटी अधिक कडक झाली व परराष्ट्रखात्याचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. २०११ मध्ये कसोटीस न उतरलेल्या ४१ देशांची यादी काढण्यात आली. तिच्यातील बहुसंख्य देशांत फिलिपिनो कामगार थोडेच होते, तरीही तिची अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली. मोठ्या मागणीच्या देशांचे दार आपणहून बंद करणे कोणत्याही शासनाला परवडणारे नव्हते.

संयुक्त राष्ट्रांचा करार व जागतिक व्यासपीठे : सर्व स्थलांतरित कामगार व त्यांचे कुटुंबीय यांच्या हक्कांच्या संरक्षणाचा करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८ डिसेंबर १९९० रोजी स्वीकारला. फिलिपीन्सने त्याला जुलै १९९५ मध्ये, म्हणजे वरील कायद्यानंतर लगेच, अनुसमर्थन दिले. आवश्यक वीस अनुसमर्थने मिळून तो अंमलात येण्यास १ जुलै २००३ उजाडला. आतापर्यंत तो स्वीकारणाऱ्या सु. साठ राष्ट्रांत बहुतेक सर्व कामगार पाठविणारी आहेत. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान, पश्चिम यूरोपातील राष्ट्रे आणि आखाती अरब राष्ट्रे यांपैकी कोणीही तो स्वीकारलेला नाही. भारतही त्यात नाही. ज्यांच्यावर बंधन पडावयास हवे तेच बाहेर राहिल्यामुळे या कराराचे मूल्य मुख्यतः मापदंडाचे राहिले आहे. तरीही तो निरुपयोगी म्हणता येणार नाही. कराराच्या समितीपुढे वेळोवेळी अहवाल मांडावा लागत असल्याने मानिला येथील शासनाला स्वतःच्या भरती-संस्थांविषयी व वकिलातींविषयी उत्तरे द्यावी लागतात आणि तेथील कामगार संघटना या संधीचा उपयोग करून घेतात.

बंधनकारक करार पुढे सरकत नाही असे दिसताच चर्चेचा मार्ग पुढे आला. सप्टेंबर २००६ मध्ये आमसभेत स्थलांतर व विकास या विषयावर उच्चस्तरीय संवाद झाला. महासचिव कोफी आन्नान आणि त्यांचे विशेष प्रतिनिधी पीटर सदरलँड यांच्या प्रयत्नांतून ‘स्थलांतर व विकास विषयक जागतिक मंच’ ही राष्ट्रांची ऐच्छिक परिषद निर्माण झाली. ती संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीबाहेर ठेवण्यात आली व तिचे निर्णय बंधनकारक नसतील असे ठरले. यजमान राष्ट्रांचा सहभाग मिळविण्यासाठी ही किंमत द्यावी लागली. पहिली बैठक जुलै २००७ मध्ये ब्रूसेल्स येथे आणि दुसरी ऑक्टोबर २००८ मध्ये मानिला येथे भरली. तोपर्यंतच्या चर्चेत धाडलेल्या रकमा व त्यांचा विकासासाठी उपयोग यांवर भर होता. कामगाराचे हक्क सुरक्षित असल्याखेरीज त्याच्याकडून विकासाची अपेक्षा करणे व्यर्थ होय, असा युक्तिवाद मांडून फिलिपीन्सने मानिला बैठकीचा विषयच स्थलांतरितांचे संरक्षण व सक्षमीकरण असा ठरविला. महासचिव बान की-मून बैठकीस उपस्थित होते. जागतिक आर्थिक अरिष्ट नुकतेच सुरू झाले होते आणि नोकऱ्या जाण्याची भीती होती, त्यामुळे चर्चेला तातडीचे रूप आले. स्थलांतरितांच्या संघटनांनी त्याच सुमारास मानिलात स्वतंत्र सभा भरवून, श्रमनिर्यातीला विकासाचे नाव देण्यास विरोध दर्शविला. हा विरोध यजमान देशाच्याच नागरिकांकडून आला, हे विशेष.

२०१६ च्या न्यूयॉर्क घोषणेनंतर स्थलांतरविषयक जागतिक संहितेची बोलणी सुरू झाली. सुरक्षित, सुव्यवस्थित व नियमित स्थलांतराची ही संहिता डिसेंबर २०१८ मध्ये मोरोक्कोतील माराकेश येथे स्वीकारण्यात आली. आमसभेत १५२ राष्ट्रांनी तिच्या बाजूने, पाच राष्ट्रांनी विरोधी मतदान केले आणि बारा राष्ट्रे तटस्थ राहिली. फिलिपीन्स व भारत या दोघांनीही तिला पाठिंबा दिला. तिची २३ उद्दिष्टे कायदेशीर बंधन घालीत नाहीत. त्यांतील न्याय्य भरती, सेवाकरार व वकिलातीचे साहाय्य यांविषयीच्या उद्दिष्टांवर मात्र फिलिपीन्सच्या दीर्घ अनुभवाची छाप दिसते. संहितेच्या अंमलबजावणीत अग्रेसर म्हणून मान्यता पावलेल्या राष्ट्रांच्या गटात त्याचा समावेश आहे.

जहाजावरील कामगार : जगातील खलाशांपैकी सु. एकचतुर्थांश फिलिपिनो असतात, असा सामान्यतः अंदाज आहे. सागरी व्यापार हा स्वभावतःच आंतरराष्ट्रीय असल्यामुळे येथे नियमांची परिणामकारकता वेगळी ठरते. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने २००६ मध्ये सागरी श्रम करार संमत केला. तीस राष्ट्रांनी अनुसमर्थन दिल्यावर तो अंमलात यावयाचा होता. फिलिपीन्सने २० ऑगस्ट २०१२ रोजी दिलेले अनुसमर्थन तिसावे ठरले आणि बरोबर एक वर्षाने करार लागू झाला. विश्रांतीचे तास, वेतन, निवास, अन्न, वैद्यकीय मदत व मायदेशी परतीचा खर्च यांचे किमान प्रमाण तो ठरवितो. त्याचे बळ एका तरतुदीत आहे. ज्या राष्ट्राने करार मान्य केलेला नाही, त्याचा ध्वज लावणारे जहाजही करार मानणाऱ्या राष्ट्राच्या बंदरात आले, तर त्याची तपासणी करता येते व दोष गंभीर असल्यास ते अडकवून ठेवता येते. बंदरात अडकलेले जहाज दररोज मालकाचे नुकसान करीत असते, त्यामुळे थकलेले वेतन अशा वेळी लवकर निघते. २०१७ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांसाठी आर्थिक हमीही बंधनकारक आहे. भारताने हा करार २०१५ मध्ये स्वीकारला. मालवाहू व प्रवासी जहाजांवर फिलिपिनोंच्या बरोबरीने काम करणारे गोव्यातील व कोकणातील दर्यावर्दी यांनाही त्याचे संरक्षण मिळते.

परंतु सहकार्याची ही व्यवस्था पाठविणाऱ्यावरही जबाबदारी टाकते. यूरोपीय संघाच्या तपासनिसांना फिलिपीन्समधील सागरी शिक्षणसंस्थांत २००६ पासून पुनःपुन्हा उणिवा आढळल्या. शिक्षणक्रम, तपासणी व प्रशिक्षणाची साधने सुधारली नाहीत, तर प्रमाणपत्रांची मान्यता काढून घेतली जाईल, अशी ताकीद अनेकदा देण्यात आली. यूरोपीय जहाजांवरील सु. ५० हजार फिलिपिनो अधिकाऱ्यांच्या नोकऱ्या त्यामुळे टांगणीला लागल्या. मार्च २०२३ मध्ये मान्यता चालू ठेवण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये खलाशांच्या हक्कांविषयी स्वतंत्र कायदाही संमत करण्यात आला.

घरकामगार : घरकामासाठी जाणाऱ्या बहुतेक सर्व स्त्रिया असतात. घराच्या दारात कामगार-निरीक्षक येत नाही आणि अनेक अरब देशांत कफाला पद्धतीने कामगाराचे वास्तव्य एकाच मालकाशी बांधलेले असते. मालकाला सोडून जाणारी स्त्री त्या क्षणी बेकायदेशीर रहिवासी ठरू शकते. लेबाननमधील २००६ च्या युद्धात हजारो फिलिपिनो घरकामगारांना घाईने परत आणावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस फिलिपीन्सने नवे नियम केले : किमान वेतन महिना ४०० डॉलर, कामगाराकडून भरती-शुल्क घेण्यास मनाई, वयाची किमान अट आणि कौशल्याचे प्रमाणपत्र. हे नियम फिलिपीन्समधील संस्थांवर बंधनकारक होते. परदेशातील मालकाने ते मानले पाहिजेत असे कोठे होते? परदेशात पोहोचल्यावर कमी वेतनाच्या दुसऱ्या करारावर सही घेण्याचा प्रकार सुरूच राहिला.

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या शंभराव्या अधिवेशनात १६ जून २०११ रोजी घरकामगारांविषयीचा करार (क्रमांक १८९) संमत झाला. घरकाम हे अन्य कामांसारखेच काम असून त्याला साप्ताहिक सुटी, लेखी अटी व वेतनाचे संरक्षण मिळाले पाहिजे, हे त्याने प्रथमच जागतिक पातळीवर मान्य केले. कराराचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद फिलिपीन्स शासनाचे प्रतिनिधी हान्स लिओ काकदाक यांच्याकडे होते. हेच गृहस्थ २०२४ मध्ये त्या देशाचे स्थलांतरित कामगार खात्याचे मंत्री झाले. उरुग्वायपाठोपाठ सप्टेंबर २०१२ मध्ये फिलिपीन्सने करारास अनुसमर्थन दिले आणि दोन राष्ट्रांची अट पूर्ण होऊन तो २०१३ मध्ये अंमलात आला. परदेशाकडून जे मागावयाचे ते स्वदेशातही दिले पाहिजे, या न्यायाने जानेवारी २०१३ मध्ये देशातील घरकामगारांसाठीही कायदा करण्यात आला. फिलिपीन्समधील मध्यमवर्गीय कुटुंबे मोठ्या प्रमाणावर मोलकरणी ठेवतात, हे लक्षात घेता या कायद्याचे महत्त्व कमी नाही. आखाती राष्ट्रांपैकी एकानेही हा करार स्वीकारलेला नाही.

त्यामुळे खरी झुंज द्विपक्षीय बोलण्यांत झाली. ४०० डॉलरांच्या मागणीवरून सौदी अरेबियाने जुलै २०११ पासून फिलिपिनो व इंडोनेशियन घरकामगारांना परवाने देणे थांबविले. फिलिपीन्सने मागणी सोडली नाही, २०१२ मध्ये भरती पुन्हा सुरू झाली आणि मे २०१३ मध्ये घरकामगारांच्या भरतीविषयी दोन्ही देशांत करार झाला. हा निःसंशय विजय होता. त्याची दुसरी बाजू अशी, की सौदी मालकांनी दरम्यान अन्य देशांकडे मोर्चा वळविला. २०१५ मध्ये बांगला देशाने घरकामगार स्त्रिया पाठविण्याचा जो करार सौदी अरेबियाशी केला, त्यातील वेतन महिना ८०० रियाल, म्हणजे फिलिपीन्सच्या मागणीच्या जवळजवळ निम्मे होते.

कुवेतचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे सु. अडीच लाख फिलिपिनो होते व त्यांतील बहुसंख्य घरकामगार होते. बेपत्ता झालेल्या एका घरकामगार स्त्रीचा मृतदेह एका रिकाम्या घरातील शीतपेटीत सापडल्यावर फेब्रुवारी २०१८ मध्ये फिलिपीन्सने तेथे नवे कामगार पाठविणे बंद केले. मालकांच्या घरांतून पळू पाहणाऱ्या स्त्रियांना वकिलातीच्या कर्मचाऱ्यांनी परस्पर सोडविल्याची दृश्ये प्रसृत होताच कुवेतने आपल्या सार्वभौमत्वाचा भंग झाल्याचे सांगून फिलिपिनो राजदूताची हकालपट्टी केली. मे महिन्यात करार झाला. पारपत्र व दूरध्वनी कामगाराकडेच राहावा, आठवड्याची सुटी मिळावी, करार वाढविताना वकिलातीची संमती घ्यावी, अशी कलमे त्यात होती. जानेवारी २०२० मध्ये अशाच एका मृत्यूनंतर पुन्हा बंदी व पुन्हा बोलणी झाली. जानेवारी २०२३ मध्ये आणखी एका स्त्रीचा खून झाला. फिलिपीन्सने प्रथमच परदेशी जाणाऱ्या घरकामगारांना कुवेतसाठी परवानगी नाकारली, तेव्हा उलट कुवेतनेच मे २०२३ मध्ये सर्व फिलिपिनोंना नवे प्रवेशपरवाने देणे थांबविले. पळून आलेल्या स्त्रियांसाठी वकिलातीने चालविलेले आश्रयस्थान हाही कुवेतच्या आक्षेपाचा विषय होता. जून २०२४ मध्ये ही बंदी उठली. मृत्यू, बंदी, करार आणि पुन्हा मृत्यू हा क्रम पाहिला, म्हणजे कराराची कलमे चांगली असणे आणि ती घराच्या चार भिंतींत पाळली जाणे यांतील अंतर ध्यानात येते.

पाठविणाऱ्या देशांतील स्पर्धा : एका देशाने वेतनाची अट घालावी आणि शेजाऱ्याने ती सोडावी, ही स्थिती टाळण्यासाठी आशियातील कामगार पाठविणाऱ्या राष्ट्रांनी २००३ मध्ये कोलंबो येथे विचारविनिमय सुरू केला. कोलंबो प्रक्रिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गटात फिलिपीन्स व भारत हे दोघेही प्रारंभापासून आहेत. दुसरी मंत्रिपरिषद २००४ मध्ये मानिला येथे झाली व २०२४ मध्ये गटाचे अध्यक्षपद प्रथमच भारताकडे आले. २००८ पासून अबू धाबी संवादाच्या रूपाने आखाती यजमान राष्ट्रेही चर्चेस बसू लागली. या बैठकांतून भरतीतील गैरप्रकार, कौशल्यांची परस्परमान्यता व नमुना करार यांवर उपयुक्त काम झाले. सर्वांना समान किमान वेतनावर मात्र एकमत होऊ शकलेले नाही. भारताचेच उदाहरण घेतल्यास, आखातातील आपल्या कामगारांसाठी ठरविलेले किमान संदर्भ-वेतन त्याने सप्टेंबर २०२० मध्ये ३० ते ५० टक्क्यांनी उतरविले. महासाथीच्या काळात नोकऱ्या टिकाव्यात हा त्यामागील हेतू होता, परंतु कामगारांच्या विरोधामुळे पुढील वर्षी ही कपात मागे घेण्यात आली. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली भारतात परवान्यांची व संरक्षक अधिकाऱ्यांची पद्धत आहे आणि रत्नागिरी, रायगडसारख्या जिल्ह्यांतून आखातात जाणाऱ्यांना मुंबईतील भरती-संस्थांचा अनुभव १९७० नंतरच्या दशकांपासून आहे. फिलिपीन्सप्रमाणे प्रत्येक कामगारामागे कल्याणनिधी, जाण्यापूर्वीचे सक्तीचे शिबिर व वकिलातीत श्रम-अधिकारी अशी सलग साखळी भारतात उशिरा व तुकड्या-तुकड्यांनी उभी राहिली.

विकासावरील परिणाम : २०२४ मध्ये परदेशस्थ फिलिपिनोंनी बँकांमार्फत सु. ३४.५ अब्ज डॉलर मायदेशी धाडले. देशाच्या स्थूल देशांतर्गत उत्पादनाशी हे प्रमाण सु. साडेसात टक्के भरते. आयातीचा खर्च भागविणे, पेसोचे मूल्य स्थिर राखणे आणि घरबांधणी व किरकोळ व्यापार यांना गिऱ्हाईक पुरविणे, ही कामे या रकमांनी केली आहेत. अर्थशास्त्रज्ञ डीन यांग यांनी १९९७ च्या आशियाई चलनसंकटाचा उपयोग करून केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. ज्या कुटुंबातील माणूस अशा देशात होता, की ज्याच्या चलनाचे मूल्य पेसोच्या तुलनेत अधिक वाढले, त्या कुटुंबातील मुलांचे शाळेत टिकण्याचे प्रमाण वाढले, बालमजुरी घटली व स्वतःचे छोटे उद्योग काढण्याकडे कल वाढला, असे त्यात आढळून आले. कुटुंबाच्या पातळीवर लाभ होतो, याविषयी त्यामुळे फारशी शंका उरत नाही.

राष्ट्राच्या पातळीवर निष्कर्ष इतका सोपा नाही. परदेशी जाण्याचा प्रारंभिक खर्च करू शकणारी कुटुंबे सर्वांत गरीब नसतात, त्यामुळे रकमांचा मोठा वाटा मानिला व तिच्या भोवतालच्या तुलनेने संपन्न प्रदेशात जातो. डॉलरांचा अखंड ओघ असल्यामुळे कारखानदारी व शेती यांतील सुधारणांची निकड शासनाला जाणवली नाही, असा आक्षेप घेतला जातो आणि तो बराचसा खरा आहे. पन्नास वर्षांपूर्वी तात्पुरती म्हणून स्वीकारलेली योजना कायमची झाली, याचे स्पष्टीकरण त्यात मिळते. आईवडिलांपैकी एकाविना वाढणाऱ्या मुलांचा प्रश्न आकड्यांत मांडता येत नाही. मतदानाचा हक्क (२००३), दुहेरी नागरिकत्व (२००३) व परतणाऱ्यांसाठी कर्जयोजना यांद्वारे परदेशस्थांशी संबंध टिकविण्याचे प्रयत्न झाले. डिसेंबर २०२१ च्या कायद्याने विविध कार्यालये एकत्र करून स्थलांतरित कामगारांचे स्वतंत्र खाते निर्माण करण्यात आले.

परिचारिका व वैद्यकीय मनुष्यबळ : या क्षेत्रात मागणी सर्वांत मोठी असल्याने फिलिपीन्सची सौदाशक्तीही सर्वांत अधिक आहे. जपानशी झालेल्या आर्थिक भागीदारी करारानुसार २००९ पासून फिलिपिनो परिचारिका तेथे जाऊ लागल्या. जपानी भाषेतील परवाना-परीक्षा कठीण असल्यामुळे प्रारंभी फारच थोड्या उत्तीर्ण झाल्या. २०१३ मध्ये जर्मनीशी झालेल्या करारात भाषाशिक्षणाचा व प्रवासाचा भार कामगारावर पडू नये, अशी काळजी घेण्यात आली आहे. आरोग्य-कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीविषयी जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१० मध्ये आचारसंहिता स्वीकारली. तुटवडा असलेल्या देशांतून श्रीमंत देशांनी आक्रमक भरती करू नये, असे ती सांगते. ती ऐच्छिक आहे.

या क्षेत्रातील पेच २०२० च्या महासाथीत उघड झाला. एप्रिल २०२० मध्ये फिलिपीन्सने डॉक्टर व परिचारिकांच्या परदेशगमनावर बंदी घातली, कारण देशातील रुग्णालयांनाच माणसे अपुरी पडत होती. सेवाकरार हाती असलेल्या परिचारिकांनी तीव्र विरोध केला. स्वदेशातील अल्प वेतन व असुरक्षित काम यांवर उपाय न करता आमची वाट अडविली जाते, असे त्यांचे म्हणणे होते. नोव्हेंबरात बंदीऐवजी वर्षाला ५,००० जणांची मर्यादा आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये श्रमखात्याकडून असा प्रस्ताव मांडण्यात आला, की ग्रेट ब्रिटन व जर्मनी यांनी फिलिपीन्सला लस पुरवावी आणि त्याबदली परिचारिकांवरील मर्यादा उठविली जाईल. ग्रेट ब्रिटनने तो नाकारला. परिचारिकांच्या संघटनांनी, आम्ही विनिमयाची वस्तू नव्हे, असे म्हणून त्याचा निषेध केला. मर्यादा त्याच वर्षी प्रथम ६,५०० व नंतर ७,००० करण्यात आली.